न जोडण्याची सोय

भोपाळहून इटारसीकडे निघालेली गाडी राणी कमलापती स्टेशन, म्हणजे २०२१ पर्यंतचे हबीबगंज, सोडते आणि मिसरोद, मंडीदीप, ओबेदुल्लागंज मागे टाकत नर्मदेच्या दिशेने उतरू लागते. १८८४ मध्ये हा लोहमार्ग भोपाळला पोचला तो शाहजहान बेगम यांच्या संस्थानाने पैसा घातला म्हणून. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जी.आय.पी., रेल्वेच्या कारभारात होता. १९२५ मध्ये जी.आय.पी. सरकारकडे गेली, १९५१ मध्ये तिची मध्य रेल्वे झाली आणि १ एप्रिल २००३ ला भोपाळ विभाग जबलपूरच्या नव्या पश्चिम मध्य रेल्वेला जोडला गेला. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ मिसरोदच्या स्टेशन मास्तरच्या वरिष्ठांची साखळी मुंबईत बोरीबंदरला जाऊन संपत होती. या साखळीला स्वतःचा टेलिफोन होता. कित्येक तारांची देखभाल टपाल आणि तार खातेच करी व त्याचे भाडे रेल्वेकडून घेई. पण त्या तारांवरचे बोलणे रेल्वेचे, क्रमांक रेल्वेचे आणि कोणी कोणाशी कधी बोलावे याचे नियमही रेल्वेचेच. कचेरीतल्या फोनचा इतिहास लिहिणारे सहसा न्यू यॉर्क किंवा लंडनच्या ऑफिसांपासून सुरुवात करतात. आपल्याकडे तो रेल्वेच्या फोनपासून सुरू केला तर अधिक नीट उलगडतो, कारण पुढे इंटरनेटवरच्या फोनबद्दल जो वाद झाला त्याची सगळी पात्रे इथे आधीच हजर आहेत.

गाड्यांची वाहतूक सांभाळणाऱ्या कंट्रोलच्या फोनचेच पाहा. सेक्शनमधली सगळी स्टेशने एकाच तारेवर बसवलेली असतात. कंट्रोलर ठरावीक संकेत पाठवून हव्या त्या स्टेशनचीच घंटी वाजवतो. स्टेशन मास्तरला मात्र घंटी वाजवण्याची गरज नसते. तो फोन उचलून बोलू लागला की कंट्रोलर ऐकतच असतो आणि तारेवरची इतर स्टेशनेही ऐकू शकतात. विजेवर चालणाऱ्या मार्गांवर रुळांच्या कडेला साधारण किलोमीटरभराच्या अंतराने इमर्जन्सी सॉकेट बसवलेले असतात. गार्डने किंवा ड्रायव्हरने बरोबरचा फोन तिथे खोचला की तोही त्याच संभाषणात येतो. कंट्रोलखेरीज प्रशासकीय एक्स्चेंजेस वेगळी. तिथून विभागीय कार्यालय, विभागीय कार्यालयातून मुख्यालय आणि पुढे दुसऱ्या झोनचे मुख्यालय, असे रेल्वेचे स्वतःचे एसटीडी. आजच्या विक्रेत्याच्या पत्रकात हेच ग्रुप कॉल, निवडक रिंगिंग, कायमची कॉन्फरन्स, फिरता एक्स्टेन्शन आणि शाखांना जोडणारे खासगी नेटवर्क या नावांनी छापलेले सापडेल. आणि तरीही अनेक स्टेशनांच्या टेबलावर दोन फोन असत, एक रेल्वेचा आणि एक टेलिफोन खात्याचा. हे दोन फोन एकमेकांना जोडण्यात तंत्राची अडचण काहीच नव्हती. दोन वायरी आणि एक स्विच, एवढेच काम होते. ते करायचे नसे.

माझे म्हणणे या दोन फोनांपाशी सुरू होते. कचेरीच्या फोनमधल्या ज्या सोयी इंटरनेट टेलिफोनीने आणल्या असे सांगितले जाते, त्यांतल्या बहुतेक फार जुन्या आहेत. भारतात त्या उशिरा आणि अर्धवट वापरात आल्या याला मुख्य कारण यंत्र नव्हते. आतली लाइन आणि बाहेरची लाइन यांच्यामध्ये कायद्याने घातलेली भिंत हे ते कारण होते. या भिंतीमागे सुरुवातीला पटण्याजोगा हिशेब होता. तो संपल्यावरही ती बरीच वर्षे उभी राहिली, आणि पडली तेव्हा जिच्यासाठी पाडायची ती टेबलावरच्या फोनची कचेरीच विरळ झाली होती.

सोयी जुन्या आहेत हे आधी दाखवायला हवे. २८ जानेवारी १८८२ ला कलकत्त्यात टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले आणि त्याच वर्षी मुंबई व मद्रासलाही. तेव्हा एक्स्चेंज म्हणजे बोर्ड आणि बोर्डापाशी बसलेला माणूस. मोठ्या पेढ्यांनी आणि कचेऱ्यांनी पुढे स्वतःचे बोर्ड घेतले आणि त्यावर ऑपरेटर बसवला. हा ऑपरेटर दिवसभर काय करीत असे? आलेला फोन योग्य माणसाला जोडून देई. साहेब दुसऱ्या फोनवर असले तर थांबवून ठेवी. त्यांच्या जागी कोणी नसेल तर शेजारच्या टेबलावर देई. पाच लाइनींपैकी जी मोकळी असेल ती घेई. साहेबांना कोणाशी बोलायचे नाही हे त्याला न सांगता कळे. कोणत्या कारकुनाला ट्रंक कॉल लावू द्यायचा आणि कोणाला नाही, याची यादी त्याच्या डोक्यात असे. संध्याकाळी जाताना एक लाइन चौकीदाराच्या खोलीत लावून जाई. होल्ड, ट्रान्सफर, फॉरवर्ड, हंटिंग, डू नॉट डिस्टर्ब, एसटीडी लॉक आणि नाइट सर्व्हिस या सगळ्या इथे आहेत. यंत्राने पुढे केले ते इतकेच, की ऑपरेटरच्या हाताची आणि डोक्याची कामे एकेक करून वेगळी काढली आणि त्यांना बटणे किंवा कोड दिले. ऑपरेटरकडे एक गोष्ट होती जी कोणत्याही बटणात नीट उतरली नाही: फोन करणाऱ्याचा आवाज ऐकून काम किती तातडीचे आहे हे ओळखणे. पण तो वेगळा विषय.

१८८५ च्या टेलिग्राफ कायद्याच्या चौथ्या कलमाने तार उभारण्याचा आणि चालवण्याचा हक्क सरकारकडे राखून ठेवला. दुसऱ्या कोणाला तो हवा असेल तर परवाना घ्यावा लागे. टेलिफोन याच व्याख्येत आला. रेल्वे सरकारी झाल्यावर तिला स्वतःचे जाळे बाळगायला अडचण उरली नाही. खासगी कचेरीला मात्र स्वतःच्या आवाराबाहेर एक वायर नेणेही खात्याच्या मर्जीवर होते. आवाराच्या आतले यंत्रसुद्धा बराच काळ बाजारात मोकळे मिळत नव्हते. १९८४ मध्ये ग्राहकाच्या जागेत बसणारी उपकरणे बनवायला खासगी कारखानदारांना मुभा मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था स्थापन झाली आणि तिच्या पहिल्या यंत्रांमध्ये १२८ पोर्टांचे एक कार्यालयीन एक्स्चेंज होते. त्याच घराण्यातले ग्रामीण एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला बसले, आणि सी-डॉटच्या कौतुकात नेहमी त्याचेच नाव निघते. पण देशातल्या मधल्या आकाराच्या कचेऱ्यांना, कारखान्यांना, इस्पितळांना आणि हॉटेलांना अशा कार्यालयीन एक्स्चेंजचे ईपीएबीएक्स हे नाव माहीत झाले ते या काळात. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत देशी कंपन्यांनी ही यंत्रे इतकी स्वस्त केली की चार टेबलांच्या कचेरीतही इंटरकॉम आला आणि 'झिरो दाबून बाहेरची लाइन घ्या' हे वाक्य शिपायालाही पाठ झाले.

आतले यंत्र स्वस्त झाले तरी बाहेरची हद्द राहिली, आणि ती पाहायला मिसरोदचे ठिकाण महत्त्वाचे ठरते. हे भोपाळ महानगराचे दक्षिणेकडचे टोक. इथून दहाएक किलोमीटरवर मंडीदीप आहे, पण तो रायसेन जिल्हा. मंडीदीपच्या औद्योगिक वसाहतीत एचईजीचा ग्रॅफाइट इलेक्ट्रोडचा कारखाना आहे, ल्युपिनचा औषधांचा आहे, प्रॉक्टर अँड गॅम्बलचा आहे. यांतल्या शेवटच्या दोघांची भारतातली मुख्यालये मुंबईत. टेलिफोनच्या नकाशात भोपाळचा आणि म्हणून मिसरोदचा कोड ०७५५, तर मंडीदीपचा ०७४८०. एकाच रस्त्यावर, एकाच लोहमार्गावर, नोकरदारांच्या एकाच रोजच्या ये-जा करणाऱ्या बसमध्ये ही हद्द कोणाला दिसत नाही, पण फोन लावताना ती होती. रेल्वेच्या फोनला अशी हद्द कधीच नव्हती. मिसरोदचा आणि मंडीदीपचा मास्तर शेजारी होते आणि शेजाऱ्यासारखे बोलत. बाहेरच्या फोनचे दर पुढे उतरत गेले, तरी क्रमांकांची हद्द राहिली, आणि कचेरीच्या फोनसाठी कायदा पुढे याच हद्दीवर उभा राहिला.

आता इंटरनेट. १९९९ च्या मार्चमध्ये इंटरनेटवरून कॉल जुळवणाऱ्या, 'सिप' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रोटोकॉलची पहिली आवृत्ती प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली आणि २००२ च्या जूनमध्ये आज चालणारी आवृत्ती आली. त्याच १९९९ मध्ये अमेरिकेत मार्क स्पेन्सर या तरुणाला स्वतःच्या छोट्या धंद्यासाठी कार्यालयीन एक्स्चेंज हवे होते. ते परवडेना म्हणून त्याने ते साध्या संगणकावर चालेल असे लिहून काढले. त्याचे 'ॲस्टरिस्क' कोणालाही फुकट घेता येत होते. तांत्रिक बदल खरा होता आणि तो कमी लेखू नये. जुन्या एक्स्चेंजमध्ये आवाज यंत्रातूनच जायचा, म्हणून ट्रान्सफर म्हणजे यंत्राने आतल्या आत जोडणी फिरवणे. सिपमध्ये दोन फोनांमधला आवाज थेट जाऊ शकतो आणि मग एक्स्चेंज फक्त निरोप्याचे काम करते. होल्ड म्हणजे एका फोनने दुसऱ्याला कळवणे, की आता तुझा आवाज पाठवू नकोस. ट्रान्सफर म्हणजे एका फोनने दुसऱ्याला सांगणे, की आता अमक्याला तू स्वतःच लाव. त्यामुळे यंत्र कुठे बसले आहे याला अर्थ उरला नाही. ते मंडीदीपला असेल, मुंबईला असेल, नाहीतर परदेशातल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये. दुसरे म्हणजे नियम लिहिण्याची सत्ता खाली आली. एखादा कॉल किती वेळा वाजून कुठे जावा, हे आता कंपनीच्या इंजिनिअरला बोलावल्याखेरीज कचेरीतला कोणीही फाइलमध्ये एक ओळ बदलून ठरवू शकत होता.

पण सोयी? २००८ च्या ऑक्टोबरमध्ये या प्रोटोकॉलच्या कर्त्यांनी आरएफसी ५३५९ हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. कचेरीच्या फोनमधल्या नेहमीच्या सोयी सिपने कशा करायच्या याचे नमुने त्यात पायरीपायरीने दिले आहेत. होल्ड, होल्डवरचे संगीत, सांगून केलेली आणि न सांगता केलेली ट्रान्सफर, फॉरवर्डचे प्रकार, पार्क, पिकअप, तिघांची कॉन्फरन्स. ही यादी वाचून मुंबईच्या एखाद्या पेढीतला बोर्डावरचा ऑपरेटर गोंधळला नसता. ज्यांनी सगळे नव्याने मांडायचे ठरवले होते, त्यांनाही वापरणाऱ्याने आधी जुनेच मागितले. नव्या तंत्राचे गोडवे गाणाऱ्या लेखांमध्ये या दस्तऐवजाचा उल्लेख क्वचितच येतो. यादी जुनी निघाल्यावर क्रांतीची गोष्ट थोडी फिकी पडते, म्हणून असेल.

मग आपल्याकडे अडले कुठे? १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांना खुले केले. १९९८ मध्ये खासगी सेवादार आले, पण त्यांना इंटरनेटवरून आवाज नेण्याची परवानगी नव्हती. १ एप्रिल २००२ पासून ती मिळाली तीही चाळणी लावून. संगणकावरून संगणकाशी बोला, संगणकावरून परदेशातल्या फोनशी बोला, पण भारतातल्या भारतात इंटरनेटवरचा कॉल साध्या टेलिफोनच्या जाळ्यात शिरता कामा नये. कचेरीपुरते खासगी जाळे बाळगता येई, भाड्याच्या लाइनवर मंडीदीपचा कारखाना मुंबईच्या मुख्यालयाशी आवाजाने जोडता येई. पण त्या जाळ्यातला कॉल आणि बाहेरून आलेला कॉल यांची गाठ पडू द्यायची नाही. सुरुवातीला त्यासाठी दोन वेगळी यंत्रे बसवत, थेट स्टेशनच्या टेबलावरच्या दोन फोनांसारखी. पुढे एकाच यंत्रात दोन्ही ठेवायला परवानगी मिळाली, पण आतमध्ये तर्काची भिंत घालण्याच्या अटीवर. या व्यवस्थेचे धंद्यातले नाव 'लॉजिकल पार्टिशनिंग'.

या भिंतीचे काम नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण इथे भारताने जगाच्या टेलिफोनीला एक स्वतंत्र सोय दिली, जी जोडण्यासाठी नसून न जोडण्यासाठी आहे. समजा मंडीदीपच्या कारखान्यात ०७४८० च्या लाइनवर एका पुरवठादाराचा फोन आला. रिसेप्शनवरच्या बाईंनी तो घेतला. प्रश्न मुंबईच्या हिशेब विभागाचा निघाला. मुंबईचा एक्स्टेन्शन त्यांच्या फोनवर आहे, दोनच मिनिटांपूर्वी त्या त्याच एक्स्टेन्शनशी बोलल्या आहेत. पण ट्रान्सफर दाबले की यंत्राने नकार द्यायला हवा, कारण बाहेरचा कॉल खासगी लाइनवरून दुसऱ्या गावी गेला तर एसटीडी बुडाले. बाईंनी म्हणायचे, 'साहेब, आपण ०२२ लावून मुंबईला फोन करा.' कॉल सुरू होतानाची तपासणी सोपी असते. अवघड असते ते मध्येच बदलणारे संभाषण. दोघे आतल्या लाइनवर बोलत असताना तिसऱ्याला बाहेरून कॉन्फरन्समध्ये घेतले तर? शेजारच्या टेबलावरचा वाजणारा फोन दुसऱ्या शहरातल्या सहकाऱ्याने पिकअप केला तर? पार्क केलेला कॉल दुसऱ्या शाखेने उचलला तर? आरएफसी ५३५९ मधल्या जवळजवळ प्रत्येक सोयीपुढे हा प्रश्न उभा राहतो. म्हणून सिस्कोसारख्या कंपनीला २००९ च्या सुमारास आपल्या एक्स्चेंजमध्ये भारताच्या नियमांखातर खास व्यवस्था घालावी लागली. प्रत्येक फोनला आणि प्रत्येक बाहेरच्या लाइनला भौगोलिक पत्ता द्यायचा, कोणता घटक आतला आणि कोणता हद्दीवरचा हे ठरवायचे आणि संभाषणात प्रत्येक बदल होताना तपासायचे. ज्या तंत्राने ठिकाणाचा प्रश्न निकालात काढला होता, त्यातच ठिकाण परत बसवण्यासाठी इतकी हुशारी खर्च झाली. मिसरोदच्या लोकांना अशी एक गोष्ट डोळ्यांनी पाहायला मिळाली आहे. २०१३ मध्ये मिसरोद ते बैरागढ अशी सुमारे २४ किलोमीटरची बसची स्वतंत्र मार्गिका सुरू झाली. मधल्या रेलिंगमुळे बाकीचा रस्ता अरुंद झाला, वादविवाद झाले आणि २०२३ च्या डिसेंबरात ती काढायचे ठरले. एकाच रस्त्यात दोन रस्ते करायचे तर रेलिंगची देखभाल हेच मोठे काम होऊन बसते.

यावर पहिला आक्षेप येईल तो पैशाचा, आणि तो हलका नाही. लांबच्या कॉलचे दर त्या काळी चढे होते. २००२ च्या जानेवारीतल्या मोठ्या कपातीपूर्वी दिवसा लांबच्या गावी बोलायचे तर मिनिटाला दोन आकडी रुपये पडत. म्हणून तर लोक रात्री अकराची वाट पाहत पीसीओबाहेर रांगा लावत. या कमाईवरच स्थानिक कॉल आणि खेड्यातली लाइन खर्चाहून स्वस्त ठेवली जात होती. मोठ्या कंपन्यांनी स्वतःच्या भाड्याच्या लाइनींवरून बाहेरचे कॉल फुकट फिरवले असते तर तोटा रायसेन जिल्ह्यातल्या एखाद्या ग्रामीण एक्स्चेंजला बसला असता. भिंत त्या दृष्टीने गरिबाच्या बाजूची होती, हे मान्य करायला हवे. पण मग तिचे आयुष्य त्या हिशेबाएवढेच असायला हवे होते. हा आडव्या अनुदानाचा हिशेब २००३ मध्ये 'ॲक्सेस डेफिसिट चार्ज' या नावाने उघड मांडला गेला, वर्षागणिक कमी होत गेला आणि १ एप्रिल २००८ पासून जवळपास संपवला गेला. तोवर मोबाइलवर दिल्ली-मुंबई बोलणे आणि गल्लीतल्या गल्लीत बोलणे यांत फारसे अंतर उरले नव्हते. ज्या नुकसानीसाठी भिंत होती ते नुकसान करण्यात कोणाला फायदाच राहिला नाही. तरीही सिस्कोची ती खास व्यवस्था आली ती त्यानंतर. भिंतीचे कारण संपल्यावर भिंत अधिक पक्की बांधली गेली, याहून बोलका पुरावा शोधून सापडणार नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. इंटरनेटवरून आलेला कॉल साध्या जाळ्यात मिसळला की तो कुठून आला हे लपते. परदेशातले कॉल स्थानिक क्रमांक दाखवून उतरवणारी बेकायदा एक्स्चेंजेस, ज्यांत 'सिम बॉक्स' नावाची यंत्रे वापरतात, आजही छाप्यांमध्ये सापडतात आणि फसवणुकीसाठी वापरली जातात. धोका खरा आहे. पण तो धोका करणारा माणूस परवान्याची अट वाचून थांबत नव्हता. अट पाळत होती ती मंडीदीपची नोंदणीकृत कंपनी, जिचा पत्ता, लाइनी आणि बिले सगळी खात्याकडे आधीच होती. शिवाय कॉल कोणी कोणास केला याची नोंद मागणे आणि कॉल जोडूच न देणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यासाठी आयपी एक्स्चेंज जुन्या यंत्राहून सोयीचे, कारण प्रत्येक पायरीची नोंद त्यात आपोआप राहते. एका ठिकाणी मात्र वेगळेपण मला पूर्ण पटते. दोन शेजारच्या स्टेशनांमधला लाइन क्लिअरचा, म्हणजे पुढचा मार्ग मोकळा असल्याच्या परवानगीचा, संवाद हा गाड्यांच्या सुरक्षेचा भाग आहे आणि तो बाहेरच्या कोणत्याही जाळ्यापासून तोडलेलाच असावा. २००० मध्ये स्थापन झालेल्या रेलटेल या रेल्वेच्या कंपनीच्या फायबरवर रेल्वेचे प्रशासकीय फोन आयपीवर आले तरी हे वेगळेपण ठेवण्यात शहाणपण आहे. कुठली भिंत जीव वाचवते आणि कुठली फक्त बिल, हे ओळखण्याचा प्रश्न होता.

तिसरा आक्षेप जाणकार करतात: कायदा बाजूला ठेवा, त्या काळी मध्य प्रदेशातल्या मधल्या शहरात इंटरनेटवरून चांगला आवाज गेलाच नसता. वीज जाई, लाइन तुटे, आणि आयपी फोनला टेबलापर्यंत वीज लागते, तर जुना फोन एक्स्चेंजच्या बॅटरीवर चालतो. हे २००२ पुरते खरे आहे. म्हणूनच मी असे म्हणत नाही की कायदा नसता तर सगळीकडे लगेच आयपी फोन आले असते. पण भाड्याच्या लाइनवरचा आवाज चांगलाच होता, आणि भिंतीचा त्रास सर्वात जास्त झाला तो ज्यांच्याकडे चांगली लाइन होती त्यांनाच. ज्याच्याकडे लाइन नव्हती त्याला भिंत दिसलीच नाही.

भिंत पडली ती दोन टप्प्यांत. १९ जून २०१८ ला दूरसंचार विभागाने परवाना असलेल्या कंपन्यांना इंटरनेटवरून साध्या क्रमांकांशी बोलण्याची सेवा देण्याची वाट मोकळी केली आणि बीएसएनएलने लगेच पुढच्या महिन्यात 'विंग्ज' ही तशी सेवा आणली. कचेऱ्यांच्या बाबतीत निर्णायक घटना मात्र वेगळी होती. मार्च २०२० मध्ये साथीमुळे कॉल सेंटरांना घरून काम करण्याच्या अटी सैल केल्या गेल्या. कर्मचाऱ्याचे घर हा एक्स्चेंजचा फिरता एक्स्टेन्शन झाला. म्हणजे जी गाठ पडू नये म्हणून वीस वर्षे खटपट केली, ती लाखो घरांमध्ये एका महिन्यात पडली. आकाश कोसळले नाही. ५ नोव्हेंबर २०२० ला नवे नियम आले, कॉल सेंटरांसारख्या सेवाकेंद्रांच्या नोंदणीची अट गेली, आणि २३ जून २०२१ ला देशांतर्गत व परदेशी सेवाकेंद्रांमधला फरकही गेला. एक्स्चेंज जगात कुठेही ठेवायला आणि केंद्रे आपसांत जोडायला परवानगी मिळाली. १८८५ च्या कायद्याची जागा पुढे २०२३ च्या दूरसंचार कायद्याने घेतली आणि त्याची बरीच कलमे २०२४ मध्ये लागू झाली. सरकारचा एकाधिकार नव्या शब्दांत तिथेही आहे.

तोपर्यंत काय झाले होते? देशातल्या जमिनीवरच्या टेलिफोन जोडण्या २००६ च्या सुमारास पाच कोटींच्या आसपास होत्या. २०२० मध्ये त्या दोन कोटींच्या घरात उरल्या. होशंगाबाद रोडवर, ज्याला आता नर्मदापुरम रोड म्हणतात, मिसरोदच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिलेल्या नव्या कचेऱ्या, शिकवण्या, दवाखाने आणि बांधकाम व्यावसायिकांची दालने अशा काळात उघडली ज्यात कोणी टेबलावरच्या फोनची अपेक्षाच करीत नव्हते. पाटीवर मोबाइल क्रमांक, आत व्हॉट्सॲपचा ग्रुप. मोबाइल जिंकला तो मुख्यतः स्वतःच्या गुणांवर, हे खरेच. पण कचेरीच्या फोनने मैदानात उतरण्याआधीच सोडलेला डाव होता तो, कारण आयपी एक्स्चेंज ज्या वर्षांत स्वस्त आणि कामाचे झाले होते त्याच वर्षांत त्यातली अर्धी बटणे नकार देत होती. ट्रान्सफर न होणारा महागडा फोन घेण्यापेक्षा सेल्समनच्या खिशातला मोबाइल बरा, असा हिशेब कोणीही केला असता. त्याची किंमत आता दिसते. ग्राहकाकडे सेल्समनचा स्वतःचा क्रमांक असतो, तो नोकरी सोडून गेला की ग्राहकही त्याच्याबरोबर जातो. दवाखान्यात डॉक्टरांचा फोन व्यग्र असेल तर पुढचा कोणी उचलत नाही, कारण हंटिंग करायला पुढचा कोणी यंत्राला माहीतच नाही. आता मासिक भाड्यावर क्लाउडवरचे एक्स्चेंज विकणाऱ्या कंपन्या याच कचेऱ्यांना फोन करून एक क्रमांक, हंटिंग, ट्रान्सफर आणि रात्रीचा चौकीदाराकडे जाणारा कॉल देऊ करतात. त्यातले नियम आता सेवादाराच्या सर्व्हरवर लिहिले जातात आणि भाडे थकले की त्याच सर्व्हरवरून बंद होतात. रेल्वेच्या कंट्रोलचा फोन मात्र अजूनही रेल्वेचाच आहे, आणि त्यावर मिसरोद व मंडीदीप पूर्वीइतकेच शेजारी आहेत.